अवायवी मेम्ब्रेन पद्धतीने घरगुती सांडपाणी शुद्ध करताना तापमानाचा हिशेब कसा ठेवावा

हवेशिवाय सांडपाणी शुद्ध करणारे मेम्ब्रेन संयंत्र, म्हणजे जिथे जिवाणू घाण कुजवून मिथेन गॅस बनवतात आणि अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी (मेम्ब्रेन) शुद्ध पाणी वेगळे करते, ते ज्यांच्याकडे सोपवलेले असते, त्यांना पहिल्याच हिवाळ्यात एक उपाय हमखास सुचवला जातो: पाणी थोडे गरम करा, म्हणजे जिवाणू पुन्हा कामाला लागतील. संयंत्रातून गॅस निघतोच, मग तोच जाळून टाकी गरम का ठेवू नये, हा विचार वरवर पाहता रास्तही वाटतो. म्हणून सर्वांत आधी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. आपल्याकडच्या सांडपाण्याचा सीओडी (सेंद्रिय घाण किती, हे ती जाळायला लागणाऱ्या प्राणवायूवरून सांगणारे माप) लिटरला ५०० मिलिग्रॅम धरला आणि त्यातला ८० टक्के भाग मिथेनमध्ये गेला असे उदारपणे मानले, तर १,००० लिटर पाण्यामागे ४०० ग्रॅम सीओडीपासून १०० ग्रॅम मिथेन मिळतो. तो सगळाच्या सगळा पकडून जाळला, तर सुमारे ५ मेगाज्यूल उष्णता मिळते. तेवढेच पाणी एका अंशाने तापवायला मात्र ४.१९ मेगाज्यूल लागतात. म्हणजे सगळा गॅस खर्ची घालूनही पाणी जेमतेम सव्वा अंशाने तापते, आणि त्यात चुलीतली, पाइपातली व टाकीच्या भिंतींतून होणारी गळती अजून धरलेलीच नाही.

साखर कारखान्याच्या किंवा दूध संघाच्या दाट सांडपाण्याला हे गणित लागू होत नाही, कारण तिथे एकेका लिटरमध्ये दसपट-वीसपट सेंद्रिय माल असतो. घरगुती सांडपाणी पातळ असते, म्हणून ते ज्या तापमानाला येईल त्याच तापमानाला शुद्ध करावे लागते. हे एकदा मान्य केले की हातात काय उरते ते स्पष्ट दिसू लागते: गाळ (म्हणजे जिवाणू आणि न पचलेले कण यांचे मिश्रण) टाकीत किती दिवस राहू द्यायचा, मेम्ब्रेनमधून पाणी किती वेगाने ओढायचे, पाण्यात विरघळून निसटणारा मिथेन कसा अडवायचा आणि आहे ती ऊब वाया कशी जाऊ द्यायची नाही. हे मार्गदर्शन सोसायटी, वसतिगृह किंवा महाविद्यालयातील लहान संयंत्रे सांभाळणाऱ्या अभियंत्यांसाठी आणि ऑपरेटरांसाठी आहे. आकडे शक्य तिथे करून दाखवले आहेत, जेणेकरून आपल्या टाकीचे आकडे घालून तेच गणित पुन्हा करता यावे.

तापमान नेमके कुठे मोजावे

हवेचे तापमान पाहून संयंत्राचा अंदाज बांधू नये. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याची बातमी आली की सगळीकडून चौकशीचे फोन येतात, पण हवेतला गारठा टाकीतल्या पाण्यापर्यंत तसाच पोहोचत नाही. आंघोळीचे आणि स्वयंपाकघराचे कोमट पाणी, जमिनीखालून जाणारी वाहिनी आणि टाकीतल्या पाण्याचा मोठा साठा यांमुळे सांडपाणी हवेपेक्षा बरेच उबदार राहते आणि सावकाश थंड होते. मी पाहिलेल्या देशावरच्या संयंत्रांत डिसेंबर-जानेवारीतही टाकीतले पाणी बहुधा २० अंशांच्या आगेमागेच असते, तर मे महिन्यात ते ३० च्या वर जाते. कोकणात आणि गोव्यात हा फरक याहून कमी असतो. म्हणजे वर्षभरातला चढउतार आपल्याकडे साधारण १० ते १२ अंशांचा आहे. कोरिया, जपान किंवा युरोपातल्या संयंत्रांना यापेक्षा खूप जास्त सोसावे लागते.

तापमापकाची जागा एकच असून भागत नाही. एक येणाऱ्या पाण्यात, दुसरा मुख्य टाकीत गाळाच्या मध्यावर आणि तिसरा मेम्ब्रेनच्या टाकीत असावा, कारण मेम्ब्रेन वेगळ्या उघड्या टाकीत असेल आणि गाळ पंपाने सतत फिरत असेल तर तिथे दोन-तीन अंश सहज निसटतात. नोंद पहाटे सहाला आणि दुपारी तीनला अशी दोनदा घ्यावी. रोजच्या सरासरीपेक्षा सात दिवसांची सरासरी अधिक उपयोगी पडते, कारण जिवाणूंची संख्या एका थंड रात्रीने बदलत नाही, ती आठवड्यांच्या हिशेबाने बदलते. मेम्ब्रेनचे मात्र तसे नाही. तिला त्या क्षणीचे तापमान लागते, आणि याच फरकामुळे हिवाळ्यात बरेच गैरसमज होतात.

गाळाचे वय: थंडीवरचा खरा उपाय

सेंद्रिय पदार्थापासून मिथेन तयार होण्याचे काम एका प्रकारचे जिवाणू करीत नाहीत. आधी अन्नाचे कण, कागदाचे तंतू, तेल-तूप यांचे पाण्यात विरघळतील असे तुकडे होतात, मग त्यांची आम्ले बनतात आणि शेवटी मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव त्या आम्लांचा गॅस करतात. तापमान १० अंशांनी घटले की या साखळीचा वेग साधारण निम्म्यावर येतो, पण सगळ्या कड्या सारख्या मंदावत नाहीत. घरगुती सांडपाण्यात सीओडीचा मोठा वाटा कणरूपाने येत असल्यामुळे थंडीत सर्वांत आधी अडते ती पहिली पायरी, म्हणजे कण फोडण्याची. घरातले खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली बाटलीत कसे थिजते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. सांडपाण्यातली चरबी टाकीत तशीच थिजते, गोळ्यांच्या रूपाने वर तरंगते, आणि थिजलेल्या गोळ्याचा पृष्ठभाग लहान असल्यामुळे जिवाणूंना तिच्यावर तोंड टाकायला जागाच मिळत नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे तेल आणि फराळाच्या तळणाचे उरलेले तेल नेमके थंडीच्या तोंडावर येते, त्यामुळे तेल-पाणी वेगळे करणारा कप्पा दिवाळीच्या आधी आणि नंतर असा दोनदा साफ करून घेणे हे माझ्या मते हिवाळ्याच्या तयारीतले पहिले काम आहे.

वेग घटला तर वेळ वाढवावा लागतो. मेम्ब्रेनचे खरे मोल इथेच आहे. साध्या टाकीत पाणी जास्त वेगाने सोडले तर गाळ पाण्याबरोबर वाहून जातो. मेम्ब्रेन मात्र ०.०३ ते ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांतून फक्त पाणी आणि त्यात विरघळलेले पदार्थ जाऊ देते, त्यामुळे पाणी टाकीत दहा तास राहिले तरी गाळ शंभर दिवस राहू शकतो. गाळ कुजवण्याच्या टाक्यांसाठी अमेरिकी अभियंते पेरी मॅकार्टी यांनी १९६४ साली सुचवलेली गाळाच्या वयाची, म्हणजे गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहावा याची, मर्यादा आजही शिकवली जाते: ३५ अंशांना १० दिवस, ३० ला १४, २४ ला २० आणि १८ अंशांना २८ दिवस. हे आकडे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव धुऊन जाऊ नयेत एवढ्यापुरते आहेत. पातळ, थंड सांडपाण्यातले कण फोडायचे असतील तर त्याहून कितीतरी जास्त वय हवे. सुरुवातीचे आकडे म्हणून मी २५ अंशांच्या वर ४० ते ५० दिवस, २० अंशांच्या आसपास ७० ते ८० दिवस आणि १५ अंशांकडे घसरण होणार असेल तर १०० दिवस धरतो, आणि नंतर आम्लांची मोजणी पाहून त्यात फेरफार करतो.

गाळाचे वय ठरवणे कठीण नाही. समजा टाकीत २० घनमीटर गाळमिश्रित पाणी आहे आणि त्यात लिटरला १२ ग्रॅम घनपदार्थ आहेत, तर टाकीत एकूण २४० किलो गाळ झाला. वय ८० दिवस ठेवायचे असेल तर रोज ३ किलो, म्हणजे त्याच दाटपणाचे २५० लिटर मिश्रण काढावे. पुष्कळ ठिकाणी ऑपरेटर गाळ काढतच नाहीत किंवा महिन्यातून एकदा टँकर भरून नेतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. एकदम निम्मा गाळ काढला की हिवाळ्यात तो भरून यायला दोन-अडीच महिने जातात, आणि अजिबात काढला नाही तर घनपदार्थ लिटरला १८-२० ग्रॅमवर जाऊन मिश्रण खिरीसारखे दाट होते व मेम्ब्रेन धापा टाकू लागते. थंडीत वय वाढवायचे, पण दाटपणा १५ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही, ही ओढाताण खरी आहे, आणि तिचे उत्तर रोजच्या कारभारात सापडत नाही. ते आराखडा करतानाच टाकीचे आकारमान थोडे मोठे घेण्यात आहे.

संयंत्र सुरू करायचे असेल तर मार्च-एप्रिलमध्ये सुरू करावे. नोव्हेंबरात सुरू केलेले संयंत्र फेब्रुवारीपर्यंत रडत राहते, हे मी दोनदा अनुभवले आहे. बीज म्हणून चालू अवायवी टाकीतला गाळ मिळाला तर उत्तम. तो नसेल तर गोबरगॅसच्या टाकीतली रबडी चालते, मात्र ती एक मिलिमीटरच्या जाळीतून गाळूनच घ्यावी, कारण शेणातले काडीकचऱ्याचे तंतू पोकळ धाग्यांच्या मेम्ब्रेनमध्ये अडकून वेणीसारखे पीळ घेतात आणि ते हाताने सोडवताना धागे तुटतात.

या सबुरीचे फळ काय असते, याचा चांगला दाखला दक्षिण कोरियातल्या बुचॉन शहरात मिळाला. तिथे इन्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅकार्टी यांच्यासह दोन टप्प्यांचे प्रायोगिक संयंत्र घरगुती सांडपाण्यावर ४८५ दिवस सलग चालवले आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पाण्याचे तापमान ८ ते ३० अंशांच्या दरम्यान बदलत होते आणि पाणी तापवले जात नव्हते. पहिल्या हिवाळ्यात सीओडी सुमारे ८१ टक्के घटला, तर जिवाणू रुळल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात ही घट ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. मेम्ब्रेनवर चिकटणारा थर दाणेदार कोळशाच्या घासण्याने निघत असल्यामुळे एवढ्या काळात रासायनिक धुलाईही करावी लागली नाही. आपल्याकडच्या हिवाळ्यापेक्षा कितीतरी कडक थंडीत हे साधले असेल, तर पहिल्या थंडीचे आकडे पाहून संयंत्र बंद पाडण्याचा निर्णय घेणे हा त्या जिवाणूंवर अन्यायच ठरतो.

मेम्ब्रेनवरचा दाब वाढला म्हणजे मेम्ब्रेन चोंदलीच असे नाही

थंडीत पाणी स्वतःच घट्ट होते. ३० अंशांना पाण्याचा चिकटपणा ०.८० मिलिपास्कल-सेकंद असतो, २० अंशांना तो १.०० होतो आणि १० अंशांना १.३१. छिद्रे तीच, मेम्ब्रेन स्वच्छ, तरीही तेवढेच पाणी ओढायला जास्त दाब लागतो. त्यामुळे उन्हाळ्यातला दाब आणि हिवाळ्यातला दाब एकाच तक्त्यावर तसेच मांडणे चूक आहे. आधी दोन्ही २० अंशांच्या हिशेबाला आणावेत.

कृती अशी: तासाला, एक चौरस मीटर मेम्ब्रेनमागे किती लिटर पाणी निघते ते मोजावे आणि त्याला मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधल्या दाबाच्या फरकाने भागावे. आलेल्या आकड्याला त्या दिवशीच्या पाण्याच्या चिकटपणाने गुणावे. २० अंशांचा चिकटपणा जवळपास १ असल्याने वेगळा भागाकार करावा लागत नाही. उदाहरण घेऊ. ऑक्टोबरात पाणी ३० अंशांना होते, प्रवाह १० लिटर आणि दाब १० किलोपास्कल होता. भागाकार १.० आणि चिकटपणाने गुणल्यावर ०.८० आला. जानेवारीत पाणी १८ अंशांवर आले, प्रवाह तोच १० लिटर ठेवला आणि दाब १३ किलोपास्कल झाला. भागाकार ०.७७ आणि १८ अंशांच्या १.०५ या चिकटपणाने गुणल्यावर ०.८१ आला. म्हणजे दाब ३० टक्क्यांनी वाढूनही मेम्ब्रेनची स्थिती होती तशीच आहे. याच दिवशी दाब २० किलोपास्कल असता, तर गुणाकार ०.५३ वर आला असता आणि मग खरोखर चोंदल्याची काळजी करावी लागली असती.

हे गणित न केल्याची किंमत एका वसतिगृहाच्या संयंत्रात मी मोजली आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दाब चढलेला दिसला, म्हणून सोडियम हायपोक्लोराइटची धुलाई केली. दाब उतरला नाही, म्हणून चार दिवसांनी दुप्पट तीव्रतेने पुन्हा केली. दोन्ही वेळा धुलाईचे पाणी मेम्ब्रेनमधून उलट मुख्य टाकीत गेले. तिसऱ्या दिवशी गॅस मीटरचा काटा जवळजवळ थांबला, बाहेर येणाऱ्या पाण्याला आंबूस वास येऊ लागला, आणि पूर्वीइतका गॅस यायला पाच आठवडे लागले. नंतर वहीतले आकडे २० अंशांच्या हिशेबाला आणले, तेव्हा पहिल्या धुलाईच्या दिवशी मेम्ब्रेनमध्ये दोष नव्हताच असे दिसले. क्लोरीन हे मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांसाठी विषच आहे. खरोखर धुवायचे असेल तेव्हा मेम्ब्रेनची टाकी वेगळी करून, गाळ काढून, धुलाईचे पाणी बाहेर घेऊनच धुवावे, आणि निर्मात्याने घालून दिलेल्या मर्यादेत राहून धुलाईचे पाणी ३० ते ३५ अंशांपर्यंत कोमट करावे. संपूर्ण सांडपाणी तापवणे परवडत नाही, पण दोनशे लिटर धुलाईचे पाणी तापवणे सहज परवडते, आणि त्याने थिजलेली चरबी चांगली सुटते.

अर्थात थंडीत खरे चोंदणेही वाढतेच. न फुटलेले सूक्ष्म कण, प्रथिने आणि शर्करेचे चिकट धागे पाण्यात साठतात आणि मेम्ब्रेनवर लेप देतात. अवायवी गाळातून ताशी दर चौरस मीटरला ५ ते १५ लिटर एवढाच प्रवाह टिकाऊ असतो, आणि हिवाळ्यात मी त्याच्या खालच्या अर्ध्यात राहतो. पंप दहा मिनिटांपैकी नऊ मिनिटे चालत असेल, तर हिवाळ्यात आठ मिनिटे चालवून दोन मिनिटे विसावा द्यावा. त्या विसाव्यात खालून सोडलेले बायोगॅसचे बुडबुडे लेप झाडून काढतात. थंडीत गॅस कमी बनत असला तरी बुडबुड्यांसाठी तोच गॅस ब्लोअरने पुन्हा पुन्हा फिरवला जातो, त्यामुळे तो कमी करण्याचे कारण नाही. फक्त गॅसच्या फुग्यात पुरेसा साठा आहे की नाही, हे रोज पाहावे. फुगा रिकामा झाला की ब्लोअर बाहेरची हवा ओढू लागतो, आणि टाकीत प्राणवायू शिरतो. मिथेन आणि हवेच्या अशा मिश्रणाला आग लागू शकते.

सकाळी सहा ते नऊ या वेळेत आंघोळीचे पाणी एकदम येते आणि पहाटेची टाकी सर्वांत थंड असते. या दोन गोष्टी एकत्र येतात, म्हणून मेम्ब्रेनने सकाळचा लोंढा पचवावा अशी अपेक्षा ठेवू नये. समतोल टाकी (येणारे पाणी साठवून पुढे एकसारखे सोडणारी) मोठी असावी आणि मेम्ब्रेनचे क्षेत्रफळ उन्हाळ्याच्या सरासरीवर न काढता जानेवारीतल्या प्रवाहावर काढावे. विक्रेत्याच्या प्रस्तावात प्रवाहाचा आकडा कोणत्या तापमानाला दिला आहे, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

चुनखडीचा प्रश्न याच्या उलट आहे. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणून देशावरच्या काळ्या पाषाणातले जड बोअरचे पाणी वापरणाऱ्या वस्त्यांत पांढरी पुटे एप्रिल-मेमध्ये चढतात. ती हायपोक्लोराइटने निघत नाहीत, त्यासाठी सायट्रिक आम्लाचे पाणी लागते.

गॅस मीटरवरचा आकडा आणि पाण्यातून जाणारा मिथेन

उन्हाळ्यात गॅस भरपूर आणि हिवाळ्यात कमी, ही तक्रार अर्धी मीटरची आहे. गरम गॅस फुगलेला असतो आणि त्यात पाण्याची वाफही जास्त असते. पुण्याच्या उंचीवर, जिथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल आहे, मीटरने ३५ अंशांना १,००० लिटर दाखवले तर शून्य अंश आणि प्रमाणित दाबाच्या हिशेबाने तो कोरडा गॅस सुमारे ७८० लिटर भरतो. १५ अंशांना दाखवलेले १,००० लिटर मात्र सुमारे ८७० लिटर भरतात. तेव्हा दोन ऋतूंची तुलना करण्याआधी ही दुरुस्ती करून घ्यावी.

उरलेली घट मात्र खरी आहे आणि तिच्यातला एक भाग डोळ्यांना दिसत नाही. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतात. बायोगॅसमध्ये ७५ टक्के मिथेन असेल, तर ३५ अंशांना लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम मिथेन पाण्यात राहतो, २५ अंशांना १६ आणि १५ अंशांना सुमारे २० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात टाकीतले पाणी नीट ढवळले जात नसेल तर याहूनही जास्त राहतो. आधीच्या हिशेबात लिटरमागे एकूण १०० मिलिग्रॅम मिथेन बनत होता. थंडीत तो ७० वर आला आणि त्यातले २० पाण्याबरोबर गेले, तर चौथ्या हिश्श्याहून जास्त गॅस आपल्या हाती लागतच नाही. ते पाणी उघड्या टाकीत पडले की तो मिथेन हवेत जातो.

या बाबतीत मला मनापासून आग्रह धरावासा वाटतो. नेहमीच्या पद्धतीत टाकीत हवा फुंकायला लागणारी वीज वाचते म्हणून आपण ही पद्धत निवडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो, म्हणजे दर घनमीटर पाण्यामागे निसटलेले २० ग्रॅम मिथेन ५६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके झाले. भारतात एक युनिट वीज बनताना साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दर घनमीटरमागे हवा फुंकण्याचे अर्धे युनिट वाचवून आपण ३५० ग्रॅम वाचवले आणि ५६० ग्रॅमची भर घातली, तर वातावरणाच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा आहे. म्हणून विरघळलेला मिथेन अडवण्याची सोय ही आराखड्यातली शोभेची बाब मानू नये.

सोपे उपाय दोन आहेत. शुद्ध पाण्याची पहिली टाकी बंदिस्त ठेवून, पाणी तिच्यात वरून तुषारांसारखे पाडावे आणि वरचा वायू गॅसच्या वाहिनीकडे किंवा जादा गॅस जाळणाऱ्या ज्योतीकडे न्यावा. किंवा पाणी स्पंजच्या लटकत्या थरांवरून झिरपू द्यावे, ज्यात वाढणारे जिवाणू मिथेन खाऊन टाकतात आणि उरलेला बीओडीही (जिवाणूंना पचणाऱ्या घाणीचे माप) कमी करतात. लटकत्या स्पंजची ही पद्धत जपानी संशोधकांची आहे आणि तिचा प्रयोग हरियाणात कर्नाल येथे साध्या अवायवी संयंत्राच्या पाण्यावर झालेला आहे. कोणताही मार्ग घेतला तरी एक गोष्ट विसरू नये: हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की एक ठिणगी पुरते. शुद्ध पाण्याची टाकी निर्मळ दिसते, म्हणून तिच्या झाकणापाशी वेल्डिंग करायला कोणी कचरत नाही, आणि थंडीत तिथेच मिथेन सर्वांत जास्त साचतो. टाकीत माणूस उतरवण्याचा विचारही करू नये. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हाताने मैला काढण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहेच, पण हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूने भरलेल्या टाकीत माणसाला सावध व्हायला एका श्वासाचीही सवड मिळत नाही, हे कारण कायद्याहून मोठे आहे.

सामू (पीएच), क्षारता आणि सल्फेट

कार्बन डायऑक्साइडही थंड पाण्यात जास्त विरघळतो. १५ अंशांना तो ३५ अंशांच्या पावणेदोनपट विरघळतो. त्यात आम्ले खाणारे सूक्ष्मजीव मंदावलेले असतात, त्यामुळे हिवाळ्यात सामू खाली ओढला जातो. पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पेलण्याची ताकद, त्याला तोलून धरते. देशावरच्या बोअरच्या पाण्यात ती मुबलक असते, पण कोकणातल्या जांभा दगडातले पाणी मऊ असते, त्यामुळे तिथे ऊब असूनही सामू जास्त जपावा लागतो. आठवड्यातून दोनदा आम्लांचे क्षारतेशी असलेले प्रमाण काढावे. ते ०.३ च्या खाली असेपर्यंत निर्धास्त राहावे, ते ०.३ ओलांडू लागले की येणारे पाणी एक-तृतीयांशाने कमी करावे, आणि सामू ६.८ च्या खाली जाण्याची वाट पाहत बसू नये, कारण सामू हे लक्षण सर्वांत उशिरा दिसते. गरजेपुरता खाण्याचा सोडा घालता येतो. चुना घातला तर मेम्ब्रेनवर पुटे चढतात.

किनाऱ्यावरच्या शहरांत भरतीचे पाणी गटारांत झिरपते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असते, म्हणजे पाच टक्के समुद्राचे पाणी मिसळले तरी १३५ मिलिग्रॅम सल्फेट येते आणि त्याला खाणारे जिवाणू ९० मिलिग्रॅम सीओडी फस्त करतात. तेवढा मिथेन कमीच मिळणार. तो तापमानाचा दोष मानून गाळाचे वय वाढवत बसू नये. आधी पाण्यातले क्लोराइड मोजून समुद्राचा शिरकाव तपासावा.

आहे ती ऊब टिकवावी

पाणी तापवणे परवडत नसले तरी ते थंड होऊ न देणे परवडते. टाकी जमिनीत असावी. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये उघड्यावर पत्र्याची टाकी ठेवायची वेळ आलीच, तर तिला पफचे (ऊब अडवणाऱ्या फोमचे) आवरण द्यावे. गाळ फिरवणारे उघडे पाइप हे सर्वांत मोठे चोर असतात, आणि त्यांना रबरी नळीचे कवच चढवायला एका दिवसाचे काम पुरते. समतोल टाकी झाकलेली ठेवावी, नाहीतर रात्रभर तिच्या पृष्ठभागावरून वाफेबरोबर ऊब जाते. एवढ्याने मिळालेले दोन अंश, सगळा गॅस जाळून मिळणाऱ्या सव्वा अंशापेक्षा जास्तच आहेत.

फेब्रुवारीअखेर घ्यायची काळजी

होळीच्या सुमारास तापमान चढू लागते आणि संयंत्र सांभाळणारे सुटकेचा श्वास टाकतात, पण याच काळात सावध राहावे लागते. हिवाळ्यात न फुटलेले कण आणि चरबी टाकीत साठून राहिलेली असते. पाणी २४-२५ अंशांवर आले की दोन-तीन आठवड्यांत ते सगळे एकदम फुटू लागते, आम्ले वाढतात आणि गॅस नेहमीच्या दीडपट येऊ लागतो. या काळात आम्लांची मोजणी आठवड्यातून दोनदाऐवजी दर दिवसाआड करावी. गॅसच्या फुग्याचा सुरक्षा-झडप हाताने उघडून पाहावा आणि त्याच्या पाण्याच्या सापळ्यात पाणी आहे याची खात्री करावी. टाकीवर फेस आला तर ढवळण्याचा वेग कमी करावा, पाणी तोडू नये. गाळ काढण्याचे प्रमाण लगेच वाढवू नये. साठलेला माल पचू द्यावा. गॅस दहा दिवस एका पातळीवर स्थिरावला, की मग वय ८० दिवसांवरून दर आठवड्याला पाच-पाच दिवसांनी उतरवत मेअखेर ५० वर आणावे.